डोळ्याखालच्या प्लेटबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘डोळ्याच्या खोबणीत प्लेट असलेल्यांनी त्वरित वाचा’ असा एक मेसेज फिरतोय. प्लेट म्हणजे खोबणीचं हाड फुटल्यावर डोळ्याला आधार म्हणून बसवलेली सिलिकॉनची पट्टी किंवा टायटॅनियमची जाळी. त्याचं म्हणणं असं: शरीर पाच वर्षांत प्लेट बाहेर फेकतं, म्हणून आधीच काढून घ्या. एमआरआयचं चुंबक प्लेट ओढतं आणि डोळा जातो. धातू रक्तात उतरून कॅन्सर होतो. आणि डोळ्याखाली सूज आली तर एरंडेलाचा गरम शेक चाळीस दिवस घ्या, प्लेट आपोआप सुटते.

परळच्या आमच्या मावशीला हा भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. तिच्या मुलाला, आमच्या दादाला, शिवाजी पार्कात सीझन बॉल लागून खोबणीचा तळ फुटला होता. तिथे आता सिलिकॉनची पट्टी आहे. कंबरेसाठी ठरलेला त्याचा एमआरआय मावशीने रडून रद्द करायला लावला. कशासाठी? सिलिकॉनमध्ये धातूच नसतो! टायटॅनियमची जाळी असती तरी चुंबक तिला ओढत नाही. तंत्रज्ञाला आधी सांगायचं, एवढंच. एमआरआयने डोळा गेल्याची खरी नोंद ‘अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजी’त 1986 साली आली. त्या रुग्णाच्या डोळ्यात नकळत राहिलेला धातूचा कण चुंबकाने हलला आणि आत रक्तस्राव झाला. म्हणजे काळजी घ्यायची ती साकीनाक्याच्या गाळ्यांत लेथ-ग्राइंडरवर काम केलेल्यांनी. एमआरआयआधी ते आवर्जून सांगा.

कॅन्सरबद्दल फार लिहीत नाही. टायटॅनियम दातांत आणि हाडांत गेली कित्येक दशकं बसवलं जातंय.

पाच वर्षांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. पट्टी सरकणं, जंतुसंसर्ग, तिच्याभोवती रक्ताची गाठ होणं, खालची पापणी ओढली जाणं, सायनसशी (नाकाशेजारच्या हाडातल्या पोकळीशी) वाट तयार होऊन पू येणं हे सगळं उशिरा, अगदी वीस वर्षांनीही झालेलं आहे. पण बहुतेकांना असा त्रास होत नाही आणि पाच वर्षांची मुदत कुठल्याही शास्त्रात नाही. जाळीच्या छिद्रांतून ऊती वाढलेल्या असतात. ती विनाकारण काढताना डोळा हलवणाऱ्या स्नायूलाच इजा होऊ शकते.

संताप येतो तो शेकाचा. सिलिकॉनसारख्या गुळगुळीत पट्टीभोवती शरीर पातळ आवरण तयार करतं. त्या पोकळीत कधी रक्त साचतं, डोळा वर किंवा पुढे ढकलला जातो, एकाचे दोन दिसतात. कधी आत पू असतो. खोबणी हाडांनी बंदिस्त, तिथे दाब वाढला तर दृष्टीची नसच चेपली जाते. अशा वेळी चाळीस दिवस तेल गरम करत बसायचं? गेलेली दृष्टी मग कोण परत आणणार? आणि प्लेट आपोआप कधीच ‘सुटत’ नाही; ती त्वचा किंवा सायनस फोडून बाहेर येते, सोबत संसर्ग घेऊन. डोळा पुढे आला, दुहेरी किंवा अंधुक दिसू लागलं, सूज-लाली-ताप आला, तर त्याच दिवशी केईएम, सायन, नायर, जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा. सीटी स्कॅनमध्ये कारण बहुधा कळतं. पट्टी काढावी लागली तरी भोवतालचं आवरण बऱ्याचदा डोळ्याला आधार देतं, त्यामुळे नवी पट्टी प्रत्येकालाच लागते असं नाही.

जाताना ऑपरेशनचा जुना कागद सोबत न्या. आत काय बसवलंय, सिलिकॉन की टायटॅनियम, हे डॉक्टरांना त्यावरूनच लगेच समजतं. आणि ज्यांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला, त्यांनी शेकाचा सल्ला चुकीचा आहे हे त्याच ग्रुपवर आजच लिहावं.