तात्या, इंजिन नसतंय

लातुरात फिजिक्स शिकवणारा माणूस ही सार्वजनिक मालमत्ता असते. कुणाचा इन्व्हर्टर बसू दे, कुणाच्या विहिरीवरची मोटार जळू दे, फोन ठरलेला: "सर, जरा बगा की." त्यामुळं औशाच्या आमच्या दाजींनी प्लॉटिंगच्या पैशातून जुनी लक्झरी इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा बॅटरी तपासायचं खातं मला न विचारता माझ्याकडं आलं. "तुमीच शिकवता की बॅटरी," एवढाच त्यांचा युक्तिवाद. मी शिकवतो ती बॅटरी फळ्यावर असते. दोन रेघा, एक लांब, एक आखूड. तिला उन्हाचा त्रास होत नाही आणि तिचा आधीचा मालक पुण्यात राहत नाही.

मोह कळण्यासारखा होता. मोठ्या गाडीचं मराठवाड्याला वावडं नाहीच. 2010 साली औरंगाबादकरांनी (तेव्हा औरंगाबादच होतं) एका दमात 150 मर्सिडीज उचलल्या, ती बातमी दाजींच्या काळजात तेव्हापासून रुतून बसलेली. त्यात आता भाव असे पडलेत की हात शिवशिवतातच. 2020-21 मध्ये मर्सिडीजची ईक्यूसी, जॅग्वारची आय-पेस, ऑडीची ई-ट्रॉन आपल्याकडं आल्या त्या कोटीच्या आगंमागं. दाजींनी हेरलेली गाडी त्याच पिढीतली, आणि किंमत निम्म्याच्याही खाली.

"सर, चांगल्या डिझेल गाडीच्या भावात कोटीची गाडी यायलीय. कामून घ्यायची नाही?"

कामून ते मी सांगून दमलो. स्वस्त होते ती गाडी, तिचे सुटे भाग नव्हे. एअर सस्पेन्शन बसलं तर तुम्ही पहिले मालक की तिसरे, हे बघून कुणी बिल कमी करत नाही. अडीच टनांच्या घरातलं वजन आणि पॅडलवर पाय पडताच मिळणारा मोटारीचा पूर्ण जोर, यात टायर भराभर झिजतात. त्या टायरची साइज दाजींनी औशातल्या टायरवाल्याला फोनवर सांगितली, तर तो म्हणाला, "ट्रॅक्टरचं पुढचं का मागचं?"

बरं, ही मॉडेलं खुद्द कंपन्यांनीच आवरती घेतलेली. ईक्यूसीचं उत्पादन 2023 मध्ये थांबलं. ई-ट्रॉन जिथं बनायची तो ब्रसेल्सचा कारखाना फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाला. आय-पेसच्या काही गाड्या बॅटरी पेटण्याच्या भीतीनं अमेरिकेत परत बोलावल्या होत्या. तिथल्या मालकांना सांगितलं होतं, गाडी घरापासून लांब लावा.

"त्याचं काय एवढं," दाजी म्हणाले, "आपुन शेतात लावू."

राहिली बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला ऊन सोसत नाही, आणि पोट गच्च भरून नुसतं पडून राहणंही सोसत नाही. मे महिन्यात आमचा अख्खा तालुका या दोनच गोष्टी करतो. मोठ्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला कूलंट फिरतं, म्हणून त्या तग धरतात. तरी आधीच्या मालकानं रोज फास्ट चार्जरवरच पोसली असेल तर ती लवकर म्हातारी होते. बॅटरीवर बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर वॉरंटी देतात. पण ती मोजायची पहिल्या नोंदणीपासून, दाजींनी पेढे वाटले त्या दिवसापासून नाही. शिवाय सर्व्हिसच्या नोंदी नीट नसतील तर वॉरंटीवाले फाटे फोडायला मोकळे.

चार्जिंगचं गणित मी त्यांना वहीत करून दाखवलं. बॅटरी 90 युनिटची, घरातल्या जाड तीन पिनच्या सॉकेटमधून तासाला मिळणार तीन युनिट, म्हणजे झाले तीस तास. सलग तीस तास लाईट राहिल्याचं औशात कुणाला आठवंना. भिंतीवर मोठा चार्जर लावला तर एका रात्रीत बऱ्यापैकी भागतं, पण त्याला मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागतो. दाजी ढिम्म. 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेला हा जिल्हा, त्याला तीस तासांचं काय कवतिक?

शेवटी बार्शी-टेंभुर्णीमार्गे पुण्याला गेलो. सोबत दाजींचे वडील, तात्या. तात्यांनी जन्मभर देवणी बैल पारखले. दात बघायचे, खूर उचलायचे, चालवून बघायचं, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा. गाडीही तशीच घेतात, यावर ते ठाम.

गाडी मात्र उघडेना. एरवी किल्ली जवळ नेली की दाराची हँडलं आपोआप बाहेर येतात, ती आतच. बरेच दिवस यार्डात उभी राहून तिची बारा व्होल्टची बॅटरी उतरली होती. इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीशिवाय ही एक छोटी बॅटरीही असते. कुलूप, स्क्रीन, कॉम्प्युटर तिच्यावर चालतात, आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा स्विचही तीच ओढते. ती मेली की खाली नव्वद युनिट भरलेले असोत, गाडी ठार. यार्डातल्या पोरानं रिमोटच्या पोटातून चिमुकली लोखंडी चावी काढली, दार उघडलं, आणि एका जुन्या ओम्नीला जंपर लावून या गाडीला जागं केलं. ओम्नीचा ड्रायव्हर त्यानंतर बराच वेळ कॉलर ताठ करून हिंडत होता.

तात्यांनी बॉनेट उघडायला लावलं. आत प्लॅस्टिकचं झाकण, झाकणाखाली सामान ठेवायची खोली.

"इंजिन कुठंय?"

"तात्या, इंजिन नसतंय हिला."

"नसतंय का आधीच्यानं काढून घेतलंय? नीट इचार, मास्तर."

आणि मग, धोतर सावरून, ते सरळ गाडीखाली आडवे झाले. पोरगा हसला. मी हसलो नाही, कारण या गाड्यांची बॅटरी तळाशीच असते, आणि खालून दणका बसलेल्या बॅटरीची दुरुस्ती विम्यात बसते की नाही, यावर घरदार विकायची वेळ येऊ शकते. खालून आवाज आला, "हितं आपटलीय." पत्र्याच्या कव्हरवर तळहाताएवढा पोचा, कडेला खरवडलेला रंग. एखाद्या गतिरोधकाची ती सही असावी. पोराचं हसू मावळलं. गाडी लिफ्टवर घ्या म्हणून मी हटून बसलो, तेव्हा नशीब, पोचा कव्हरपुरताच निघाला.

कागदांचं फार नव्हतं. डीलरकडून घेतली की त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी, थेट मालकाकडून घेतली तर तो नाही. बाकी मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, नेहमीचंच. खरा गुंता मोबाइलचा. ॲपमध्ये अजून आधीचा मालकच बसलेला. ते खातं काढल्याशिवाय गाडी कुठं उभी आहे ते त्याला पुण्यात बसून दिसणार, मनात आलं तर एसीही लावणार. दाजी पहिल्यांदाच गंभीर झाले. गाडी कुठं उभी असते हे परक्याला कळायला त्यांची हरकत नव्हती. त्यांना भीती होती ती हाच माणूस ते आमच्या अक्काला सांगेल याची.

मग स्कॅनरवाला आला. बॅटरीची तब्येत टक्क्यांत सांगणारा रिपोर्ट मिळाल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही, ही माझी एकच अट होती. यंत्र लावलं, वायफाय गेलं, आलं, आणि आकडा आला 88. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. एवढ्या वर्षांच्या गाडीला हा चांगला आकडा. बहुतेक वॉरंट्या तर 70च्या खाली गेल्यावरच बोलायला लागतात.

दाजींनी रिपोर्टचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. त्यांच्या धाकट्या भावाचं उत्तर लगेच आलं. त्याचा पोरगा लातूरलाच मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लासला आहे.

"88? दादा, 88 त काय होतंय? रिपीटर बॅचला घाला."

दाजींनी वर बघितलं आणि डीलरला अगदी जड आवाजात ते वाचून दाखवलं. डीलर सांगलीकडचा, त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण गिऱ्हाईक दुखावलंय एवढं कळलं, आणि त्यानं आपणहून पन्नास हजार सोडले. तात्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबत म्हणाले, "आता बोल."