"फक्त रिफॅक्टरिंग आहे" म्हणून पॅच पास करू नका

रविवारी सकाळी, इंदिरानगरच्या घरी, चहा घेता घेता एक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, उघडला. डिस्क इमेज कॉपी करणारा आमचा जुना कोड एकामागून एक तुकडा उचलतो. तो असिंक करायचा होता, म्हणजे एकाच वेळी बरेच तुकडे वाटेत. वर लिहिलेलं, 'फक्त रिफॅक्टरिंग, वागणुकीत बदल नाही.' म्हणजे कोडची नुसती मांडणी बदलली. मागोमाग पॅच लिहिणाऱ्या मुलाचा मेसेज, "दादा, साधाच आहे, अप्रूव्ह करा ना."

साधा नव्हता.

काय कॉपी व्हायचं राहिलंय याची नोंद बिटमॅपमध्ये असते, ६४ केबीच्या तुकड्याला एक बिट. तुकडा उचलण्याआधीच बिट पुसायचा, नाहीतर दुसरा टास्क तोच तुकडा उचलतो. मात्र एरर आली, तर बिट परत लावायचा.

पंचवटीतला वाडा सोडला तेव्हा आई वही घेऊन दारात उभी होती. मी आणि भाऊ दोघंही सामान उतरवत होतो, म्हणून वस्तू सांगतानाच ती त्या ओळीवर काट मारायची. कपाट टेम्पोत बसेना, तेव्हा तिने ते खाली पुन्हा लिहिलं. लिहिलं नसतं तर कपाट वाड्यात आणि वहीत सगळं पोचलेलं.

पॅचमध्ये नेमकं हे पुन्हा लिहिणंच गळालं होतं. फंक्शनचे दोन भाग करताना एरर आली की वरच्या वर रिटर्न, बिट लावणारी ओळ खालीच राहिली. जॉब पुन्हा प्रयत्न करणार, बिटमॅप रिकामा बघणार आणि 'बॅकअप पूर्ण' सांगणार. आत ६४ केबीचं भोक. ते कळणार रिस्टोअरच्या दिवशी, कुणाचा तरी डेटा गेल्यावर. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण डिस्क एरर देते अशी टेस्टच नव्हती.

मुलगा हुशार आहे, चूक एकट्याची नाही. कोड हलवणं, नावं बदलणं आणि लॉजिक बदलणं एकाच पॅचमध्ये आलं की कुणाचाही डोळा चुकतो. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक-कॉपीचा (डिस्कचे तुकडे कॉपी करणारा) कोड २०१९ मध्ये आधी वेगळ्या फाइलीत नेला, समांतर टास्क २०२० मध्ये आले. नुसत्या हललेल्या ओळी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, २०१७ पासून वेगळ्या रंगात दाखवू शकतो. त्यासाठी पॅच वेगळा हवा ना! आणि 'बदल नाही' हे वाक्य म्हणजे शब्द दिल्यासारखं आहे. तपासल्याशिवाय कुणी लिहू नये, वाचणाऱ्याने तर त्यावर मुळीच विसंबू नये.

पॅच परत पाठवला. काल तीन तुकड्यांत आला, सोबत मुद्दाम एरर देणारी टेस्ट. ती आधी जुन्या कोडवर चालवली, पास झाली. मग रविवारच्या पॅचवर चालवली, तिथे पडली. नवीन पॅच आज रात्री ओळन् ओळ वाचतोय.