पट्टी लाल करून पाण्यात बुडवली की स्प्रिंग होत नाही

‘आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची मोडलेली स्प्रिंग दहा मिनिटांत घरी बनवा’ हा निरोप परवा मामांपर्यंत पोहोचला आणि मामा पट्टी शोधायला थेट भंगारवाल्याकडे निघाले. म्हणून हा खटाटोप. निरोपातली कृती अशी: कुठलीही लोखंडी पट्टी लाल करा, चिमट्यासारखी दुमडा, पाण्यात बुडवा, ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवा आणि बसवा. जुने तुकडे फेकून द्या. वर ‘शंभर वर्षांच्या बंदुकीला कायदा लागत नाही’ अशी मखलाशी.

कुठलीही पट्टी? ग्रिलच्या साध्या पट्टीत कार्बन जेमतेम ०.२ टक्के. तिला सात वेळा पाणी द्या, ती कडक होणार नाही. घोडा (चाप ओढला की आपटतो तो तुकडा, त्याला ही स्प्रिंग ढकलते) दोनदा चढवला की दबलेली तशीच राहील. स्प्रिंगला ०.७५ टक्क्यांच्या आसपास कार्बनचे पोलाद लागते. ट्रकचा जुना पाटा चालतो हे निरोपात खाली कुठेतरी म्हटलंय, ते मान्य. पण वापरलेल्या पाट्यात बारीक तडे असू शकतात. आधी त्याचा छोटा तुकडा लाल करून तेलात विझवा आणि हातोडा मारा. काचेसारखा तुटला तर पोलाद कामाचे, वाकला तर परत भंगारात.

आता पाणी. विळ्या-कोयत्याला आपण ‘पाणी देतो’ म्हणतो, म्हणून यालाही पाणीच, असा हिशेब दिसतो. या स्प्रिंगचा जीव दुमडीत असतो. पाण्यात ती इतक्या झटक्यात निवते की दुमडीच्या आतल्या बाजूला केसासारखा तडा जातो. तो तेव्हा दिसत नाही. बसवताना दाबली की दोन तुकडे हातात येतात, नाहीतर एक डोळ्याकडे उडतो. म्हणून चष्मा हवा, आणि दाबायला पक्कड नव्हे, स्प्रिंगचा खास शिकंजा.

तापवायचे ८०० अंशांच्या जरा वर. चुंबक चिकटायचे थांबते ते ७७० च्या सुमारास, त्यानंतर थोडेच पुढे. मग ५०-६० अंशांच्या कोमट तेलात. कानस घसरली, लागली नाही, म्हणजे कडक झाली. पण ही अजून काच आहे. तशीच बसवली तर पहिल्याच दाबाला जाईल. तिचा कडकपणा उतरवावा लागतो, आणि इथे ओव्हन हास्यास्पद आहे. घरातला ओव्हन २५० पर्यंत जातो, तिथे पोलाद पिवळे-तपकिरी होते. तो रंग धारेच्या हत्यारांचा. निळा रंग ३०० ला येतो, आणि या कामाला बहुधा त्याही पुढे, ३७०-४०० अंश लागतात. थेट ज्योतीवर धरली तर पातळ टोक आधी उतरते आणि दुमड काचच राहते. तापलेल्या वाळूत सगळीकडे सारखी धग लागते.

आकाराबद्दल निरोप गप्पच. घोड्यामागच्या चकतीवर दाबणारी बाजू दुमडीकडे साधारण ३ मिमी, टोकाकडे दीड-दोन मिमी अशी निमुळती हवी. सरसकट एकच जाडी ठेवली तर सगळा ताण दुमडीवर. कानशीचे आडवे ओरखडे म्हणजे तड्याला आमंत्रण. घासायचे ते लांबीच्या दिशेने. हे सगळे माप कुठून घ्यायचे? त्याच मोडक्या तुकड्यांवरून, जे निरोप फेकायला सांगतो.

राहिला कायदा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५(क): जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्राला सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. म्हणजे नवी स्प्रिंग घालून चालू होणारी बंदूक सवलतीतून आपोआप बाहेर. आणि कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाच परवाना लागतो. मामांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, पण तो बाळगण्याचा, दुरुस्तीचा वेगळा.