चाकणची पाळी आणि स्लॅब फोर्कचा गवई

आमच्या माहेरच्या ग्रुपवर दहा दिवस एकच विषय चाललाय. मावसभावाचा मुलगा चाकणला कारखान्यात पाळ्या करतो आणि उरलेल्या वेळात गिटारवर स्वतः रचलेली गाणी गातो. वय ३१. दादामामांनी निकाल दिला, "ना तालीम, ना घराणं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, आता कसले दिसायचे?" त्यावर भराभर अंगठे उमटले. मी बिल विदर्स या अमेरिकन गायकाचं नाव घेतलं, तर उत्तर आलं, "तिकडे राहून आम्हाला गाणं शिकवू नकोस."

शिकवत नाही मी. पण सोळा वर्षं अमेरिकेत, वेस्ट व्हर्जिनियातल्या बेकली गावात डॉक्टरकी करतेय आणि विदर्स इथेच वाढला. जवळच्या स्लॅब फोर्कला, कोळसा खाणीच्या वस्तीत, १९३८ साली जन्मला. सहा भावंडांत धाकटा, बोलताना अडखळणारा. तेराव्या वर्षी वडील गेले. पुढे नऊ वर्षं नौदलात काढली, मग लॉस एंजेलिसच्या कारखान्यात बोइंग ७४७ विमानांची शौचालयं बनवायचं काम धरलं. गहाणवटीच्या दुकानातून स्वस्तातली गिटार घेतली, आपली आपण शिकला. पगारातून पैसे बाजूला टाकून टेप तयार केल्या. पहिली तबकडी १९७१ ची, वय ३२. मुखपृष्ठावर कारखान्याच्या दाराशी उभा आहे, हातात जेवणाचा डबा. जेवणाच्या सुट्टीत काढलेला फोटो तो. दादामामा, तो डबा एकदा नीट बघा.

त्याला गाणं दिलं चर्चने आणि आजीने. रेडिओवरच्या कंट्री गाण्यांचा साधेपणाही त्यात उतरला. त्या काळच्या सोल संगीतात, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या लोकप्रिय गाण्यांत, झगमगाट खूप; हा मात्र शेजारी बसून बोलल्यासारखा गातो. 'एन्ट नो सनशाइन'मध्ये 'आय नो' हे दोनच शब्द तो सव्वीस वेळा म्हणतो. तिथे पुढे शब्द लिहायचे होते. सोबतचे वादक म्हणाले, असंच राहू दे. त्याने ऐकलं, आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. कुठल्या तालमीत बसतं हे?

माझ्याकडे छातीच्या तक्रारी घेऊन येणारे जुने खाणकामगार बँजो वाजवतात, गाणी जोडतात. त्यांना कुणी घराणं विचारत नाही. हो, इथलं तेवढं चांगलं सांगते, हा आरोप मला ठाऊक आहे. मग हेही सांगते: विदर्स मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेला, तेव्हा तिथल्या साहेबाने त्याला एल्विसचं गाणं गायला सुचवलं होतं. स्वतःची गाणी लिहिणाऱ्या माणसाला! १९८५ नंतर त्याने नव्या गाण्यांची तबकडी काढलीच नाही. अंगठे देणारे इथेही होतेच.

पण मला राग येतो तो आजीमुळे. विदर्सने आजीच्या हातांवर गाणं लिहिलं, चर्चमध्ये टाळ्या देणाऱ्या, सुजून दुखणाऱ्या हातांवर. कोरेगावची आमची आजी पहाटे जात्यावर बसायची आणि ओव्या जोडत जायची. दादामामांची आईच ती. तिची कसली तालीम? त्या ओव्यांत दादामामांचं नाव यायचं, माझं यायचं. तिला गाणारी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

ती २०१९ मध्ये गेली. मी गेले नाही, ग्रुपवर हात जोडल्याची खूण टाकली. पुढच्या वर्षी ३० मार्चला विदर्स गेला. कोविडचे दिवस होते, त्याचं 'लीन ऑन मी' जिकडेतिकडे गायलं जात होतं. ड्युटीवरून परतताना मी क्रोगर या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून रडले. त्याच्यासाठी रडते आहे, असं तेव्हा वाटलं. आजीसाठी रडायला मी तोवर जागाच ठेवली नव्हती.

परवा त्या मुलाने मला एकटीला रेकॉर्डिंग पाठवलं. गिटारखाली जात्याची चाल आहे. पणजीची ओवी त्याला माझ्या मावशीकडून मिळाली. पहिली ओळ मी त्याच्याबरोबर म्हटली. दुसरी मला येईना. ग्रुपवर विचारायची हिंमत झाली नाही, त्यालाच विचारली. रात्रपाळी संपल्यावर त्याने चारही ओळी टाइप करून पाठवल्या.