रहवासी संघाच्या हिशोबातली शेवटची ओळ

आमच्या रहवासी संघाचा वार्षिक हिशोब एका पानावर मावतो. चौकीदारांचे पगार, बगीच्याची देखभाल, सभागृहाचे विजेचे बिल, बोअरिंगच्या मोटारीची दुरुस्ती, गणेशोत्सव, आणि सर्वांत खाली किरकोळ खर्च. नाल्यापलीकडच्या बस्तीतील मुलांसाठी संध्याकाळी चालणारी अभ्यासिका, घरोघरी कामाला येणाऱ्या बायकांच्या रक्तदाबाची तपासणी, सरकारी अर्ज भरून देणारे रविवारचे टेबल, अशी जी कामे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो आणि ज्यांची छायाचित्रे पार्षदांच्या उपस्थितीत काढली जातात, ती सगळी या शेवटच्या ओळीत कोंबलेली असतात. माझे म्हणणे असे की कॉलनीच्या भिंतीबाहेर पोचणाऱ्या कामाला हिशोबात स्वतःचे शीर्षक, आमसभेचा ठराव आणि नेमून दिलेली माणसे हवीत. तसे नसेल तर ते काम एखाद्या उत्साही गृहस्थाच्या भरवशावर चालते आणि ते गृहस्थ मुलाकडे पुण्याला राहायला गेले की गुंडाळले जाते. इंदुरातल्या मराठी कॉलन्यांतून असे किती गृहस्थ पुण्याला गेले, हे वेगळे सांगायला नको.

या कामांपैकी सर्वांत उपयोगी आणि छायाचित्रात सर्वांत वाईट दिसणारे काम म्हणजे ते रविवारचे टेबल. मध्य प्रदेशात समग्र आयडीवाचून, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीतल्या ओळख क्रमांकावाचून, गरीब माणसाचे पान हलत नाही. कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी क्रमांक जुळल्याशिवाय रेशन, शिष्यवृत्ती, बायकांना दरमहा पैसे देणारी लाडली बहना योजना यांपैकी कशाचाच अर्ज पुढे सरकत नाही. लग्न होऊन इंदुरात आलेल्या बाईचे नाव बहुधा माहेरच्या कुटुंबातच राहिलेले असते; ते सासरच्या कुटुंबात आणावे लागते. आधारवर एक नाव, समग्रवर त्याच नावाचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच आडनाव. ते सगळे जुळले तरी ओटीपी ज्या मोबाइलवर जायचा तो क्रमांक नवऱ्याने केव्हाच बंद करून टाकलेला असतो. मग आधी आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदला, तो नोंदला जाण्याची वाट पाहा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने यासाठी किती खाडे करायचे?

आपल्या कॉलनीत बँक, विमा, टपाल खाते, महाविद्यालये यांतून निवृत्त झालेल्या मंडळींची वाण नाही. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज तपासून त्यांतल्या चुका काढल्या, ती माणसे अर्ज निर्दोष कसा भरावा हे कोणापेक्षाही चांगले जाणतात. आमच्या टेबलावर बसणारे एक काका प्रत्येक अर्जाची छायाप्रत काढून तिच्यावर पेन्सिलीने पुढची पायरी लिहून देतात: कोणत्या झोन कार्यालयात जायचे, कोणती मूळ प्रत सोबत न्यायची, आणि खिडकीवरच्या माणसाने परत पाठवले तर त्याला काय विचारायचे. या कामाला खर्च तो काय? छायाप्रतींचे पैसे, इंटरनेटचे बिल आणि एक जुना संगणक. पण छायाप्रती काका स्वतःच्या खिशातून काढतात आणि संगणक कोणाच्या तरी नातवाचा आहे. काकांची तब्येत बिघडली त्या महिन्यात टेबल लागले नाही, आणि कार्यकारिणीच्या बैठकीत त्याचा उल्लेखही झाला नाही, कारण ज्या कामाची नोंद नाही ते बंद पडल्याचीही नोंद कोण घेणार?

अभ्यासिकेचे दुखणे निराळे आहे. एका खोलीच्या घरात, जिथे दूरदर्शन संच, चूल आणि आजारी आजोबा एकाच ठिकाणी असतात, तिथे दहावीच्या मुलीला हवा असतो तो दिवा, टेबल आणि दोन तास शांतता. आमच्या सभागृहात हे तिन्ही आहे. परंतु मध्य प्रदेश मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात आणि नेमका तोच लग्नसराईचा हंगाम असल्याने सभागृह भाड्याने जाते. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुले येतात तेव्हा आत खुर्च्या मांडलेल्या असतात आणि चावी सचिवांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. सचिवांना दोष देण्यात अर्थ नाही. भाड्याचे उत्पन्न हिशोबात दिसते, अभ्यासिका दिसत नाही, आणि ज्याला हिशोब मांडायचा आहे तो दिसणाऱ्या आकड्याच्या बाजूनेच निर्णय घेणार. जानेवारी ते मार्च संध्याकाळी सभागृह भाड्याने द्यायचे नाही, असा ठराव आमसभेने केला आणि बुडणारे भाडे अभ्यासिकेचा खर्च म्हणून उघडपणे दाखवले, तर सचिवही सुटतील आणि मुलांनाही परत जावे लागणार नाही.

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. आपल्या इंदुरातील बहुतेक जुन्या कॉलन्यांच्या मुळाशी एखादी गृहनिर्माण सहकारी संस्था असते. ती १९६० च्या मध्य प्रदेश सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली. जमीन घेणे, प्लॉट पाडणे, ते सभासदांना देणे हे तिचे काम. रहवासी संघ हा बहुधा १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेला निराळा संघ. प्लॉट वाटून झाले, कॉलनी नगर निगमाकडे, म्हणजे महापालिकेकडे, हस्तांतरित झाली, की संस्था निजते आणि उरलेला सगळा कारभार संघाच्या गळ्यात पडतो. सभासद मात्र संघाकडे अजून प्लॉटधारकांच्या नजरेनेच पाहतात: माझी वर्गणी, माझा दिवा, माझा चौकीदार.

सहकाराचा मूळ विचार असा आखडता कधीच नव्हता. बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली, तेव्हा या देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ मध्ये आला. एकमेकांना सावरणे हा तिचा हेतू. पुढे १९९५ मध्ये मँचेस्टर येथे आंतरराष्ट्रीय सहकारी महासंघाने सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली आणि त्यांत सातवे म्हणून आसपासच्या समाजाविषयीच्या आस्थेचा स्पष्ट समावेश केला. सभासदांनी मंजूर केलेल्या धोरणांनुसार संस्थेने आपल्या परिसराच्या टिकाऊ विकासासाठी काम करावे, असा त्या तत्त्वाचा आशय आहे. यातला सभासदांच्या मंजुरीचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एका अध्यक्षाच्या औदार्याला तिथे जागा नाही. सर्वांनी हात वर करून मान्य केलेले धोरण तिथे अपेक्षित आहे.

"बाहेरच्यांसाठी आमचे पैसे का?" हा प्रश्न दर आमसभेत येतो, आणि तो विचारणारे सगळे कद्रू असतात असेही नाही. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला वर्गणीतली थोडीशी वाढही जाणवते. पण बाहेरचे म्हणजे नेमके कोण, हे बोअरिंगच्या पाण्याला विचारावे. नर्मदेचे पाणी १९७८ पासून जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, पंपाने वर चढवून आपल्यापर्यंत आणले जाते. ते पुरत नाही म्हणून प्रत्येक कॉलनी बोअरिंग करते. माळव्याच्या काळ्या मातीखाली बेसॉल्ट खडक आहे आणि त्याच्या भेगांमध्ये जेवढे पाणी मुरते तेवढेच सर्वांचे मिळून असते. आपली कुंपणभिंत खाली तिथपर्यंत जात नाही. आपली मोटार अधिक खोल गेली की नाल्यापलीकडचा हातपंप आधी कोरडा पडतो, आणि मग त्याच बस्तीतून आपल्याकडे येणारी बाई टँकरच्या रांगेत अडकून उशिरा येते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर नऊशे मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद हजार लिटर पाणी होते. उडून आणि वाहून गेलेले वजा केले तरी सत्तरेक हजार लिटर गाळणीतून जमिनीत सोडता येते. कॉलनीतल्या सगळ्या गच्च्यांचा हिशोब ज्याचा त्याने करावा. हे पाणी भिंतीच्या दोन्ही बाजूंना मुरते, त्यामुळे ते दान की स्वार्थ असा प्रश्नच उरत नाही.

कचऱ्याचेही तसेच आहे. २०१७ पासून स्वच्छतेतला पहिला क्रमांक इंदुराने ओळीने टिकवला, त्याचा आपल्याला योग्य तो अभिमान आहे, आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा अशी सहा प्रकारची विभागणी आपण तोंडपाठ सांगतो. प्रत्यक्षात ती विभागणी बहुतेक घरांत कोण करते? भांडी घासण्यापूर्वी ताटातले खरकटे एका डब्यात आणि दुधाची पिशवी दुसऱ्या डब्यात टाकणारी बाईच. आमच्या संघाने कचरा व्यवस्थापनाचे प्रशिक्षण ठेवले तेव्हा सभासदांना चहा-पोह्यांसह बोलावले, त्या बायकांना मात्र नाही. त्या वेळी त्या आमच्या स्वयंपाकघरांत ते काम करत होत्या.

या शहराला याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले, तेव्हा इंदूर प्लेगने गांजलेले होते. १९१७ च्या दिवाळीत त्याने एक मिरवणूक काढली. तिचा मार्ग नेहमीचा न ठेवता, जो भाग लोक सर्वांत चांगला झाडून, दुरुस्त करून ठेवतील त्या भागातून ती जाईल, असे आधी जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा होती, आणि शहर झाडणारे कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. तुळशीची रोपे वाटली गेली. उत्सवाची ओढ लावून आधी काम करून घेण्याची ही युक्ती आजही कोणत्याही संघाला वापरता येईल. परंतु त्याच गेडिसने १९१८ मध्ये इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल सादर केला, ज्यात गल्ल्या, पाणी, गटारे आणि घरे यांचा तपशीलवार विचार आहे. आपण मिरवणूक उचलली आणि अहवाल कपाटात ठेवला.

त्यानंतरचे उदाहरण जवळचे आहे. ब्रिटनच्या अर्थसाहाय्याने इंदुरातील बस्त्यांमध्ये मलवाहिन्या, पक्के रस्ते आणि समाजभवने बांधण्याची मोठी योजना राबवली गेली. अभियंता हिमांशू पारीख यांची मूळ कल्पना फार सुंदर होती: बस्त्या नाल्यांकाठी असतात, जमिनीचा उतारही तिकडेच असतो, मग बस्त्यांमधूनच वाहिन्या नेल्या तर सगळ्या शहराची सोय कमी खर्चात होईल. १९९८ मध्ये या कामाला वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. पुढे त्यावर कडक टीकाही झाली, आणि तिचा रोख मुख्यतः देखभालीवर होता: घरोघरी जोडण्या दिल्या, पण त्या वाहत्या ठेवण्यासाठी लागणारे पाणी, पैसा आणि माणसे यांची कायमची तजवीज झाली नाही. एवढ्या मोठ्या योजनेचे जे झाले ते आपल्या अभ्यासिकेचे का होणार नाही?

आरोग्य शिबिरांविषयी थोडक्यात. एखादी प्रयोगशाळा येते, दोरीला फलक बांधला जातो, सर्वांचा रक्तदाब मोजला जातो आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद पडतो. एकदाच मोजलेल्या आकड्यावरून उच्च रक्तदाबाचे निदान होत नाही, आणि ज्या चौकीदाराचा आकडा जास्त आला त्याला पुढच्या महिन्यात कोणी बोलावत नाही. त्यापेक्षा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच माणसांचा दाब मोजून वहीत लिहिणारी, सभासद आणि कामगार यांना एकाच रांगेत बसवणारी व्यवस्था कितीतरी स्वस्त आणि खरी आहे. रक्तदानाचेही तेच, पुरुषाला तीन आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, तेव्हा वर्षातून एकदा मांडव घालण्यापेक्षा गटवार दात्यांची अद्ययावत यादी अधिक कामाची. महिला मंडळाने मात्र हळदीकुंकवाऐवजी सर्व बायकांसाठी, कामाला येणाऱ्यांसह, तिळगुळाची सभा सुरू केली आहे. ती कोणाच्याही परवानगीशिवाय आणि जवळजवळ खर्चाशिवाय चालते, आणि संघाच्या साऱ्या उपक्रमांत तीच सर्वांत नियमित आहे, हे पुरुष कार्यकारिणीने लक्षात घ्यावे.

तर येत्या आमसभेसाठी मी पुढील ठराव लेखी दिला आहे. वार्षिक वर्गणीच्या पाच टक्के रक्कम परिसर उपक्रम या स्वतंत्र शीर्षकाखाली ठेवावी. तिचा विनियोग पाच जणांच्या समितीने करावा आणि त्यांतील दोन जागा बस्तीतील पालक आणि कॉलनीतील कामगार यांना द्याव्यात. जानेवारी ते मार्च या काळात सभागृह संध्याकाळी अभ्यासिकेसाठी राखून ठेवावे आणि त्याची दुसरी चावी समितीकडे असावी. रविवारच्या टेबलासाठी संघाने स्वतःचा संगणक घ्यावा. खर्चाचा तिमाही हिशोब सूचनाफलकावर हिंदीतही लावावा, म्हणजे बस्तीतून येणाऱ्यांनाही तो वाचता येईल. पाच टक्के जास्त वाटत असतील तर तीन करा, त्यावर मी भांडणार नाही. समितीतल्या त्या दोन जागांवर मात्र भांडेन. ठरावाचा सूचक मी आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही, तेव्हा कॉलनीतील ज्या सभासदांनी हे इथपर्यंत वाचले असेल त्यांनी कृपया रविवारी टेबलापाशी येऊन सही करावी.