थोडं मऊ दाखवा

गाडीचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) एका दिवसात जात नाहीत, सगळी गोम तिथेच आहे. टायर फुटतो, बॅटरी बसते, क्लच घसरतो. जे काय व्हायचं ते एकदाचं होऊन जातं. शॉकअप मात्र वर्षानुवर्षं गुपचूप झिजतात आणि त्याच वेगानं चालवणारा कोडगा होत जातो. खड्डा दिसला की पोट आपसूक आत जातं, गतिरोधकाआधी दातांवर दात बसतात, आणि हे सगळं आपण वयाच्या खात्यावर टाकतो. खरं काय ते त्या गाडीत बऱ्याच महिन्यांनी बसणारा माणूसच सांगू शकतो. आमच्याकडे हे काम मावशीनं केलं. मागच्या सीटवरून उतरून, दाराला धरून उभी राहत ती म्हणाली, "गाडी चालवत होतास की माझी हाडं मोजत होतास?"

झालं. तेव्हापासून गाडीचे कोपरे दाबणाऱ्यांचा मोसम सुरू झाला. गाडीतलं काही कळो न कळो, शॉकअपचा विषय निघाला की पुरुषमाणूस पुढच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकवतो, अंगातलं सगळं वजन घालून दाबतो, झटक्यात हात काढतो आणि दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून बघत राहतो. गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली तर शॉकअप शाबूत, डुलत राहिली तर गेले, असा नियम. तो तसा खोटा नाही. पण त्यातून फक्त पुरता मेलेला शॉकअप कळतो. अर्धमेला या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतो. माझ्या गाडीनं तर प्रत्येक परीक्षकाला त्याच्या मनासारखं उत्तर दिलं. खरे साक्षीदार गाडीखाली सापडतात. एक म्हणजे नळीवरून उतरलेला तेलाचा ओघळ (नुसता ओलसरपणा चालतो, ओघळ चालत नाही), आणि दुसरा म्हणजे टायरवर हात फिरवला की लागणारे चढउतार. चाक रस्त्याला धरून न राहता उड्या मारत गेलं की रबर असं जागोजागी खाल्लं जातं. मी मागच्या टायरवर हात फिरवला आणि तो मुकाट्यानं खिशात घातला.

म्हणजे बदलायचे हे ठरलं. कुठले, एवढंच राहिलं होतं. आणि बाजारात सगळ्या कामांचे शॉकअप मिळतात; नुसतं बसणाऱ्याचे मिळत नाहीत.

काउंटरवरच्या मुलानं अत्यंत आदरानं सुरुवात केली. "साहेब, गाडी जोरात पळवता?"

"नाही."

"लोड असतो? मागे ट्रेलर वगैरे?"

"नाही."

"मग खाली बसवायचीय? लुकसाठी?"

"ती आधीच बसलीय."

त्याच्याकडचे प्रश्न संपले. "मग तुम्हाला नक्की करायचंय काय?"

"मला गाडीत बसायचंय," मी म्हणालो. "स्वस्थ. थोडं मऊ दाखवा."

त्या क्षणी माझ्यातला साहेब गेला आणि काका आला. "काका, मऊ असं काही येत नसतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मागे छतापर्यंत खोके रचलेले होते. स्पोर्ट, हेवी ड्यूटी, परफॉर्मन्स. एका खोक्यावर गाडी चिखलातून उडत होती, दुसऱ्यावर वळणावर तिरकी झाली होती. सीटवर मान टाकून झोपलेल्या माणसाचं चित्र एकाही खोक्यावर नव्हतं. गादीच्या दुकानात मऊ मागणारा गिऱ्हाईक असतो. इथे तो पेशंट ठरतो.

"गॅसचे घ्या ना काका," मुलगा समजूत काढत म्हणाला. "एकदम तरंगाल."

ही अंधश्रद्धा सर्वदूर आहे. शॉकअपमधला गॅस म्हणजे नायट्रोजन, आणि तो आपल्याला झेलण्यासाठी नसून तेलाला दमात ठेवण्यासाठी असतो. मुळात धक्का घेते ती स्प्रिंग. घेतल्यावर मात्र तिच्या अंगात येतं आणि ती नाचतच सुटते. शॉकअपचं काम तिला आवरण्याचं. आत तेलात एक दट्ट्या असतो, त्याला बारीक भोकं आणि झडपा. तेल त्यातून जीव मुठीत धरून जातं आणि स्प्रिंगचा सगळा उत्साह तेल गरम करण्यात संपतो. खराब रस्त्यावर हे सारखं चाललं की तेलाला फेस येतो, आणि फेसातून दट्ट्या बिनविरोध फिरतो. गॅसचा दाब असला की फेस सहसा धरत नाही, एवढंच त्याचं काम. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हा दाब बेताचा ठेवतात. एकाच नळीच्या, म्हणजे मोनोट्यूबमध्ये तो वातावरणाच्या २० ते ३० पट असू शकतो. मग दट्ट्याचा दांडा सतत बाहेर ढकलला जातो, सील घट्ट बसतं, आणि रस्त्यावरची बारीकसारीक खरखर सीटपर्यंत पोचायची शक्यता वाढते. उष्णता बाहेर टाकण्यात मोनोट्यूबचा हात कोणी धरणार नाही. शर्यतीत त्याचं कौतुक रास्तच आहे. पण माझी शर्यत रेल्वे फाटक पडायच्या आत पोचण्यापुरती.

माझा चेहरा बघून मुलानं दोन शॉकअप काउंटरवर उभे केले. "दाबून बघा." मी दाबले. एक सहज गेला, दुसऱ्यावर मला जवळजवळ पोट टेकवून झोपावं लागलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं आपापली कामं सोडून बघत होती. दांडा सावकाश वर येताना त्याच्याबरोबर मीही वर येत होतो. या कसरतीतून काय कळतं? काहीच नाही. हात दांड्याला ढकलतो सावकाश, खड्डा ढकलतो क्षणार्धात, आणि झडपा या दोघांना वेगवेगळं वागवतात. शिवाय बहुतेक शॉकअपचा खरा विरोध दांडा बाहेर ओढताना असतो, आत ढकलताना त्यामानानं कमी. काउंटरवर शॉकअप ओढून बघणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मग सल्लागार आले. पहिला मान अर्थातच मेहुण्याचा. "भाऊजी, स्पोर्टच घ्या. कॉर्नरिंगला गाडी अजिबात हलणार नाही." या माणसाशी शॉकअपच काय, घराच्या रंगाबद्दल बोललं तरी तो कॉर्नरिंगवर येतो. माझ्या वाटेतही कोपरे येतात, नाही असं नाही. पण मी ब्रेक मारून, त्यांचा मान राखून वळतो. ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, शॉकअप राहू द्या, स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर अडकवा. त्यानं गाडी उचलल्यासारखी दिसते खरी. पण वेढे अडवल्यावर स्प्रिंग आणखी ताठ होणार, मऊ कुठून होणार? तिसऱ्यानं ऍडजस्टेबल सुचवले, मऊ-कडक आपल्या हातात. चौकशी केली तर काहींत ते ठरवायला शॉकअप गाडीतून काढावा लागतो. म्हणजे मावशी येणार असं कळलं की आधी गाडी जॅकवर चढवा.

लोकांनी लिहिलेले अनुभव वाचावेत म्हटलं, तर तिथे निराळीच गंमत. एकच शॉकअप, एकच मॉडेल, एक म्हणतो, "लोण्यासारखी चालते," दुसरा म्हणतो, "दगड बसवलेत." दोघंही खरे. कारण नव्याची तुलना प्रत्येकजण आपल्या मेलेल्या जुन्याशी करतो. ज्याची गाडी होडीसारखी डुलत होती त्याला काहीही कडक लागणार, आणि ज्याची थेट बंपस्टॉपवर (गाडी पार दबली की शेवटचा धक्का घेणाऱ्या रबरावर) आदळत होती त्याला काहीही लोणी.

त्यातल्या त्यात डोक्यात उजेड पडला तो एका गोष्टीनं. सगळीकडे मऊ असलेला शॉकअपही आरामाचा नसतो. माणसाचं शरीर या बाबतीत भलतं नखरेल आहे. सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वरखाली हलवलं की ते सर्वांत जास्त वैतागतं. हेच हेलकावे फार लांबवले, एकेकाला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागू लागला, की कंबर खूष होते पण पोट ढवळायला लागतं. म्हणून आरामाची गाडी करणारे सेकंदाला एक ते दीड हेलकाव्याच्या आसपास राहतात. शॉकअपनं करायचं ते असं: गाडी वळणावर कलते, ब्रेकला नाक खाली घालते, अशा सावकाश हालचालीला घट्ट धरायचं आणि खड्ड्याच्या फटक्याला पटकन वाट द्यायची. हे झडपांच्या जुळणीवर ठरतं, आणि ती जुळणी खोक्यावर छापलेली नसते.

माझी मागणी काही जगावेगळी नव्हती. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीचे पिएर बूलांजे यांनी १९३० च्या दशकात आपल्या इंजिनियरांपुढे ठेवलेली अट प्रसिद्ध आहे: नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एक अंडं फुटता कामा नये. त्यातून टू-सीव्ही नावाची गाडी निघाली आणि १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. वळणावर ती इतकी कलायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. पण अंड्यांना कॉर्नरिंगबद्दल मत नसतं. अंड्यांसाठी अख्खी गाडी बेतली गेली, आणि इथे धडधाकट माणूस चार नळ्या मागतोय तर त्याला काका म्हणतात.

शेवटी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडीचा कोपरा दाबला नाही. मी तिथेच त्याचा झालो. तो सरळ मागच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, "चला साहेब, तुम्ही चालवा." (पुन्हा साहेब!) वाटेत तो एक शब्द बोलला नाही, फक्त प्रत्येक खड्ड्याला मान किंचित कलती करून ऐकत होता. परत आल्यावर त्यानं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचलं, टायरमधली हवा मोजली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. स्टिकरवरच्या आकड्याहून हवा बरीच जास्त होती. पंपावरच्या माणसाच्या मते टायर टणक म्हणजे गाडी तंदुरुस्त, आणि त्याचं मत तो दर वेळी माझ्या टायरमध्ये भरत आला होता. त्यात आधीच्या मालकानं मोठ्या रिमा आणि बारीक साइडवॉलचे, म्हणजे बाजूची भिंत अरुंद असलेले, टायर बसवून ठेवलेले. रस्त्याचा पहिला फटका खायचा तो साइडवॉलनं. तीच नाही म्हटल्यावर तो पुढच्याकडे जाणारच.

मग गाडी वर चढली आणि त्यानं एकेक दाखवायला सुरुवात केली. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या माउंटिंगचं रबर पिचलेलं. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, फाटलेले. बंपस्टॉप नावाची वस्तू जिथे असायला हवी तिथे काळा चुरा. "हे खडखडतंय ते शॉकअप नाही साहेब, हे रबर आहे. नुसते शॉकअप बदलले असते तर नव्या शॉकअपवर बसून हाच आवाज ऐकला असता." स्प्रिंगा त्यानं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून तपासल्या, त्या निभावतील म्हणाला. बसलेली स्प्रिंग गाडीला बंपस्टॉपच्या इतकी जवळ आणते की मग सोन्याचे शॉकअप घातले तरी आदळणं चुकत नाही.

मी घरून तयारी करून गेलो होतो. मोनोट्यूब, दुहेरी नळी, झडपांची जुळणी, सगळं मी त्याच्यापुढे मांडलं. त्यानं हात पुसत पुसत ऐकून घेतलं.

"ही गाडी नवी असताना कडक होती?"

"नाही. तेव्हा छान चालायची म्हणतात."

"मग?"

एवढंच. कंपनीनं जे घातले होते त्याच जातीचे, दुहेरी नळीचे, बेताच्या गॅसचे. त्या स्प्रिंगला आणि त्या वजनाला जुळवून कुणीतरी शहाण्यानं तेव्हाच झडपा बेतल्या होत्या, आणि तो शहाणा कॉर्नरिंगवाला नव्हता. माझ्या सगळ्या वाचनाचं उत्तर माझ्याच गाडीच्या पार्ट नंबरात होतं.

बसवताना मी तिथेच स्टूल घेऊन बसलो. आधी प्रत्येक शॉकअप उभा धरून त्यानं दांडा बऱ्याचदा पूर्ण आतबाहेर केला; पडून राहिलेल्या नळीत हवा चुकीच्या जागी जाते, ती निघावी म्हणून. बदलायचे ते डावा-उजवा जोडीनंच. गाडी अजून वरच होती आणि त्याच्या हाताखालचा पोरगा लोअर आर्मचे बोल्ट गच्च आवळायला निघाला, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा ओरडला. "अरे, चाकं टेकू दे आधी!" चाकं लोंबत असताना आवळलं की बुशचं रबर त्या वाकड्या जागी पकडलं जातं, गाडी खाली आली की ते जन्मभर पिळलेलं राहतं, ताठ चालतं आणि लवकर फाटतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिली, मगच शेवटचा पाना लागला. इतक्या दुकानांत इतक्या लोकांनी मला इतकं सांगितलं, यातलं अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. शेवटी अलाइनमेंट, कारण स्ट्रट खोलल्यावर चाकांचे कोन जागेवर राहिले असतील याचा भरवसा नाही. मोठ्या रिमा काढून मूळ मापाच्या घातल्या.

पहिल्या गतिरोधकाला मी सवयीनं दात आवळले. गाडी वर गेली, खाली आली आणि तिथेच थांबली. पुढच्याला दात सैल सोडले. घराजवळचा तो एक खड्डा, ज्याला मी नावानिशी ओळखत असे, तो मी मुद्दाम वळून पुन्हा घेतला.

तक्रारीला जागा उरली नाही असं मात्र नाही. मोठी धडधड गेल्यावर तिच्या आडोशाला राहिलेले आवाज पुढे आले. डॅशबोर्ड कुरकुरतो, मागच्या दारात काहीतरी सुटं फिरतं, आणि डाव्या सीटबेल्टचं बक्कल चौथ्या गिअरला टिकटिकतं. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "साहेब, ते आधीपासून होतं."

पुढच्या लांबच्या प्रवासात मेहुणा बरोबर होता. पुढची सीट त्याच्या बहिणीनं घेतली म्हणून तो मागे बसला. गावाबाहेर पडेपर्यंत तो स्पोर्ट शॉकअपवर बोलत होता. घाट लागला तेव्हा त्याची मान खिडकीला टेकली होती, आणि उतार संपेपर्यंत त्याच्या घोरण्यात एकाही वळणानं खंड पडला नाही. पोचल्यावर दार उघडलं तेव्हा त्याला जाग आली. त्यानं आळस दिला, डोळे चोळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊजी, चांगलीये. पण कॉर्नरला थोडी लवते."