गोव्यातील पावसाळा आणि जीपचे टायर: एका प्रचलित सल्ल्याचा प्रतिवाद

जून जवळ आला की जीपवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरू लागतो: 'गोव्यात पाऊस प्रचंड, म्हणून थार किंवा जिम्नीला मड टायरच घाला, टायर जितका मोठा आणि रुंद तितकी पकड जास्त, चाके गाडीच्या बाजूंना आणखी बाहेर सरकवली की गाडी उलटत नाही, आणि हवा चार-दहा पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचे एकक) कमी ठेवली की ओल्या रस्त्यावर गाडी चिकटून चालते.' हा सल्ला मानून नवे मालक मोठी रक्कम खर्च करतात आणि मूळच्या गाडीपेक्षा कमी सुरक्षित गाडी घेऊन पत्रादेवी ते पोळे या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर उतरतात, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पाऊस आणि चिखल यांची गल्लत करते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो हे खरे. परंतु म्हापसा, पणजी, मडगाव असा रोजचा प्रवास करणाऱ्याची चाके त्या पावसातही डांबरावर आणि काँक्रीटवरच फिरतात. मड टायरच्या गोट्या, म्हणजे पृष्ठभागावरचे रबरी ठोकळे, मोठ्या आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद असतात, त्या टायर फिरताना अडकलेला चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. ओल्या डांबरावर मात्र पकड ठरते ती रबर रस्त्याला प्रत्यक्ष किती टेकते, रबराचे मिश्रण कसे आहे आणि गोटीवर पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा किती आहेत यांवर, आणि या तिन्ही बाबतींत मड टायर सहसा मागे पडतो. साचलेल्या पाण्यात नव्या मड टायरच्या रुंद खाचा उपयोगी पडतात, हे मान्य केले पाहिजे. पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्याचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. मी स्वतः दोन पावसाळे असे टायर वापरले आणि चोर्ला घाटाच्या ओल्या उतारावर पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवूनही मला निर्धास्त वाटले नाही.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. नासाने विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून एक सूत्र मांडले: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्या सूत्राने ३६ पॉइंट हवेला हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, तर २५ पॉइंटला सुमारे ८३. जीपच्या चांगल्या नक्षीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा तीच राहते. शिवाय कमी हवेच्या टायरची बाजू सतत दुमडून तापते आणि महामार्गाच्या वेगाला टायर फुटण्याचा धोका वाढतो. वाळूत १५ ते १८ पॉइंटपर्यंत हवा उतरवतात हे खरे. मात्र गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाईच आहे, आणि अन्यत्र उतरवलेली हवा डांबरावर येण्यापूर्वी पुन्हा भरावी लागते. योग्य दाब चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेला असतो.

रुंदीबद्दल थोडक्यात सांगता येते: रुंद टायरला समोरचे जास्त पाणी बाजूला सारावे लागते, त्यामुळे तो लवकर तरंगतो. उंचीचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर असतो. त्याजागी २३५/७५ आर १५ घातल्यास तो ७३३.५ होतो, म्हणजे जवळजवळ ६ टक्के वाढ. वेग दाखवणारा काटा मुळात अचूक असेल, तर तो ८० दाखवताना गाडी ८४ च्या पुढे असते. जड टायर थांबवण्याचे काम मात्र त्याच ब्रेकांना करावे लागते.

चाके बाहेर काढल्याने दोन चाकांतील अंतर वाढते आणि स्थैर्यात थोडी भर पडते, हे खोटे नाही. पण त्याच सल्ल्यातला उंच टायर गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो, बाहेर आलेले चाक बेअरिंगवर अधिक ताण आणते आणि खड्ड्यातला धक्का स्टिअरिंगवर जोरात येतो. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मना केले आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा काटेकोर अर्थ लावला.

ज्यांची जीप मुख्यतः महामार्गावर धावते आणि अधूनमधून सत्तरीतल्या कच्च्या वाटेवर उतरते, त्यांनी मूळ मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, टायर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टायर किती वजन आणि किती वेग पेलतो हे सांगणारे त्यावरचे भार-निर्देशांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नसावे, आणि टायरवरचा चार आकडी निर्मिती-क्रमांक दुकानातच वाचावा. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. ज्यांची काजूची बाग खरोखरच चिखलापलीकडे आहे, त्यांनी मड टायर पोलादी चाकांच्या वेगळ्या संचावर ठेवून पावसाळ्यापुरते बसवावेत. पोलादी चाक दगडावर आदळून वाकले तरी बहुधा ठोकून सरळ करता येते, अलॉयला तडा जातो. कोणताही संच घ्या, पाचवे, म्हणजे स्टेपनीचे, चाकही त्याच मापाचे हवे, कारण चारही चाकांना ताकद देताना एक टायर वेगळ्या व्यासाचा असला तर त्याचा भार थेट ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर, पडतो.